गाडीचं एरंडेल

खोटं बोलण्यात बापूरावांचा फायदा साधा होता: बाटली घरात उघड राहणार आणि आतलं एरंडेल गाडीच्या पोटात जाणार. आपलं पोट साफ होत नाही, असं त्यांनी आवडाबाईंना सांगितलं. बायको ते मनावर घेईल, हा तोटा त्यांनी धरलाच नव्हता.

गाडी हातभर लांब, अ‍ॅल्युमिनियमची, सत्तर वर्षांपूर्वीची विलायती. चावीचं खेळणं नव्हे, शर्यतीची, खऱ्या इंजिनाची. पेट्रोलमध्ये एरंडेल घातल्याशिवाय ते फिरत नसे. कारंज्याच्या भंगार बाजारातून आणलेली ही दुसरी. पहिली आवडाबाईंनी भांडेवालीला देऊन कढई घेतली होती, आणि शेलूबाजारला विकून उरलेली वांगी बापूराव रोज त्याच कढईतली खात. म्हणून ही दुसरी सहा वर्षं फवारणी पंपामागे पोत्यात. तिला एकदा, फक्त एकदा, पूर्ण वेगात पळताना डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

त्यासाठी रविवारी लालसिंग आले. कारंज्याचे, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. तुरीपलीकडच्या खळ्यात, ज्याभोवती पूर्वी बैल फिरत, त्या खांबाला त्यांनी गाडी तारेने बांधली, म्हणजे ती गोल पळेल. तेल कमी पडलं. बापूराव बाटली न्यायला घरात शिरले आणि सापडले.

"बाटली सरून राह्यली अन् पोट तसंच?" आवडाबाई म्हणाल्या. "माह्यासमोर घ्या."

खरं सांगावं तर ही गाडीही भांडेवालीकडे जाणार. बापूरावांनी दोन चमचे घेतले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, कारण ते एरंडेलच होतं. बायकोने मायेने तिसराही दिला. तिची पाठ वळताच बाटली खळ्यावर गेली.

इंजिन सुरू व्हायला चार तास लागले. एरंडेलालाही तेवढेच. पहिला फटफटाट झाला आणि बापूराव टमरेल घेऊन तुरीत पळाले. तिथे आवाज तेवढा पोचला: आधी फटफट, मग गांधीलमाशी, मग बारीक शिट्टी. मग एक खट्, आणि काही नाही.

परतले तर खळ्यावर अर्धं गाव. इंजिनातला दांडा तुटला होता. आता असा मिळत नाही, असं लालसिंग सांगत होते. आवडाबाई पदराने गाडी पुसत होत्या. त्यांच्या तोंडावर तेलाचे शिंतोडे.

"अवो, हिलेच लागते तं सांगाचं व्हतं. तुमी कायले पेले?"

बापूरावांनी विचारलं, "कशी पयाली?"

आवडाबाईंनी हवेत बोट गरगर फिरवलं, बांगड्या वाजेपर्यंत.

हिशोब सरळ निघाला. पाहिलं गावाने, भरलं बापूरावांनी.