शेवटच्या बाकावरची द्रौपदाबाई

स्तोत्र वाचल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. त्या रविवारी स्तोत्र वाचलं, पण चहा तसाच निवून गेला. आमच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीत उपदेश करण्यासाठी मी जळगावला पंधरा दिवस शिकून आले होते. आता परीक्षेचा उपदेश तेवढा राहिला होता. पाळकसाहेब ऐकणार आणि कागदावर शेरा लिहिणार. त्या कागदावरचा एक प्रश्न मला पाठच झाला होता: आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का?

माझा आवाज अंगणातल्या शेळीपर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

आणि शेवटच्या बाकावर, दाराशी, द्रौपदाबाई बसायच्या. कानानं अधू. त्यांची जाऊ लिलाबाई मात्र पहिल्या बाकावर. नाताळच्या करंज्यांना कुणी खवट तेल वापरलं, यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघींचं बिनसलं होतं. तेव्हापासून मधली सहा बाकं कुणी ओलांडली नव्हती.

उपदेशाला उभी राहिले. मी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला होता. दोन वाक्यं झाली नाहीत तोच मागून हाक आली, "माय, माले काही आयकू येत नही!"

मी आवाज चढवला. तो चिरकला.

"आते बी नही!"

पुरुषांच्या बाजूला हसू फुटलं. पाळकसाहेबांचं पेन हललं. मी माझ्या उपदेशाच्या कागदात डोकं घातलं. पुढची ओळ वाचली: मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाला शोधायला निघाला. तिथंच थबकले. तो काही जागेवर उभा राहून हाका मारत बसला नव्हता.

कागद तिथंच ठेवला, व्यासपीठावरून खाली उतरले आणि दाराशी जाऊन द्रौपदाबाईंना सांगू लागले. त्यांनी मान डोलावली.

पुढून लिलाबाई कडाडल्या, "अन् आमनं काय पाप शे? नव्याण्णव मेंढरं वाऱ्यावर का?"

पदर खोचून त्या तरातरा मागं आल्या. त्यांच्यामागं सगळी मंडळी उठली आणि मागच्या बाकांवर दाटीनं बसली. पाळकसाहेब तर खुर्ची काखेत मारून आले. बसायला जागा उरली होती ती एकच, द्रौपदाबाईंच्या शेजारची.

लिलाबाई उभ्याच.

"बस ना वं," द्रौपदाबाई सरकल्या. "पन खोकजो नको."

पुढं मी काय बोलले, देव जाणे. पण कुणी 'आयकू येत नही' म्हटलं नाही.

उपासना झाल्यावर साहेबांनी कागद हातात दिला. आवाजाच्या प्रश्नापुढं लिहिलं होतं: 'आवाज लहान. बाई स्वतः पोहोचतात. उत्तीर्ण.' म्हणाले, "प्रमिलाबाई, पुढच्या रविवारी शिंदखेड्याला तुमचा उपदेश."

दाराशी दोघी जावा चपला शोधत होत्या.

"शिंदखेड्याले आम्ही बी येसूत," लिलाबाई म्हणाल्या. "वाटमा खावाले मी करंज्या करसु."

द्रौपदाबाईंना ते पहिल्याच झटक्यात ऐकू आलं.

"कर. पन तेल मी आनसु."