तिवाट्यावर टाकलेली काडी

मी एक जुनी काडी आहे, पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची. हातभर लांब, साल सोललेली, टोकाला लाल लोकरीचा गोंडा. गोंड्याचा रंग आता उडाला आहे आणि निम्मी लोकर चिमण्यांनी घरट्यासाठी नेली आहे. आर्णीजवळच्या एका गावाच्या तिवाट्यावर, धुऱ्यालगतच्या, म्हणजे वावराच्या बांधालगतच्या दगडाशी मी पडून असते. मला बघितलं की माणसं वळसा घालून जातात. मित्रांनो, मला त्यांचा राग येत नाही. राग यायला समोरचा तेवढ्या योग्यतेचा लागतो.

माझा जन्म मैनाबाईच्या वावरातला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही केल्या हटत नव्हती. जो तो पाठीवर पंप बांधून विषारी औषध फवारत होता, आणि गावोगावची माणसं त्याच औषधाने दवाखान्यात जात होती. मैनाबाई पाणी आणून देत होती. तिचा धाकटा दीर रवी ओळीओळीने फवारत आत गेला. वारा त्याच्याच तोंडावर येत होता. थोड्या वेळाने आतून ‘वयनी’ अशी हाक आली. मैनाने पाहिलं तर झाडांच्या वर नुसता एक हात आला आणि खाली गेला. ती गावाकडे धावली, माणसं घेऊन आली. पण आमच्या ओळी सगळ्या सारख्याच; तो सापडेपर्यंत फार उशीर झाला. रवी दवाखान्यातून परत आला नाही.

मग माणसं भेटायला येऊ लागली. म्हणायचं भेटायला, यायचं ऐकायला. हात कोणता होता, हाक कशी होती, सांग ना, परत सांग. चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाया त्यात होत्या. दुसऱ्याचं दुःख चहात बुडवून खाल्लं तर उपास मोडत नाही, अशी त्यांची समजूत असावी. आणि निघताना ओसरीवर, मैनाला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, ‘ही पळाली नसती तं पोरगं वाचलं असतं.’

तेच वाक्य मैनाच्या मनात रुतून बसलं. हिरवी पऱ्हाटी दिसली की तिला दरदरून घाम फुटे. कुणी निरोप घ्यायला हात वर केला तरी ती जागच्या जागी थिजे. तिची लेक अर्पिता अंगणात दिसेनाशी झाली की ती हंबरडा फोडे. गावाने एका शब्दात निकाल लावला, वेडी झाली. विचार करण्यापेक्षा हे नेहमीच सोपं असतं.

तिचा नवरा पंजाबराव तर गावापेक्षा शहाणा. बैलाला ठेच लागली तर हळद लावून त्याची समजूत काढणारा माणूस. बायकोशी मात्र त्याला दोन शब्द जुळत नव्हते. आमच्याकडे कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतात. घरची सून वावरात जाऊन सीतामाईची पूजा मांडते, आत फिरून दहीभात शिंपडते आणि पहिली बोंडं वेचते. रवी गेला त्या वर्षी ते राहूनच गेलं. पुढच्या हंगामाआधी पंजाबरावाने चारचौघांत सांगून टाकलं, “यंदा सीतादही हिच्याच हातानं झालं पायजे. नाही तं बोरी अरबले माहेरी नेऊन घालतो हिच्या मायजवळ. पोरगी अठीच राहीन.”

देवीचं काम त्याने बायकोची परीक्षा करून ठेवलं. अशा माणसाचा नैवेद्य देवी कसा गोड मानत असेल, तिचं तिलाच माहीत.

मी तोवर घरामागच्या सरपणात पडले होते. कापूस घरात आला की आम्हाला उपटतात आणि चुलीसाठी रचून ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाकरीखाली जळणं हेही पुण्यच आहे. पण त्या दिवसांत यवतमाळहून प्रियंका मॅडम येऊ लागल्या. त्या मनाच्या डॉक्टर. शाळेच्या रिकाम्या खोलीत त्या मैनाला भेटत. सोबत सासू तुळसाबाई दाराशी बसे.

मॅडमची रीत साधी होती. मनातलं ते भयाचं चित्र समोर आणायचं, आणि डोकं न हलवता डोळ्यांनी मॅडमच्या बोटांमागे डावीकडे-उजवीकडे जायचं. थांबायचं, श्वास घ्यायचा, मनात काय आलं ते सांगायचं, पुन्हा सुरू. पण मॅडमने बोटं वर केली आणि मैना किंचाळून भिंतीला लागली. तिला तो हात दिसला. बोटांऐवजी दिवा इकडून तिकडे सरकवणारं यंत्र आणलं, तर वीज गेलेली. तेव्हा मॅडमने विचारलं की घरात एखादी काठी आहे का. मैना स्वतः गेली आणि मला घेऊन आली. वाळलेल्या पऱ्हाटीचं तिला भय नव्हतं. मॅडमने माझी साल काढली, गोंडा बांधला, आणि मी कामाला लागले.

मित्रांनो, माझं कौतुक करू नका. मी फक्त इकडून तिकडे जात होते. चालत होतं ते मैनाचं मन. पहिल्यांदा ती नुसती रडली. मग तिला औषधाचा वास आला. कधी रवीचं हसणं आठवलं, त्याने जत्रेतून आणलेल्या बांगड्या आठवल्या. मॅडम मध्ये बोलत नसत. माझ्या माहितीतलं न बोलणारं ते पहिलंच माणूस. आणि एके दिवशी मी थांबले. मैना हळूच म्हणाली, “मी पळून नाही गेलती. मी माणसं आणाले गेलती.”

दाराशी तुळसाबाईने पदराला डोळे पुसले. तिने लेक गमावला होता, तरी सुनेला तिने कधी बोल लावला नाही. गावात मी मान द्यावा असं ते एकच माणूस. पण चूक तिच्याच हातून झाली.

तिची समजूत अशी झाली की मॅडम काडीने नजर उतरवतात. गावाची तर झालीच. बाया रडकी लेकरं घेऊन शाळेच्या दाराशी येऊन बसू लागल्या. एका आठवड्यात मॅडम येऊ शकल्या नाहीत. सीतादही जवळ आलेलं. तुळसाबाईने चुलीत मीठ-मिरच्या टाकल्या आणि मला मैनाच्या तोंडापुढून फिरवत विचारू लागली, सांग, रवीचा हात दिसते का. धुराने मैनाचा श्वास कोंडला, ती कोपऱ्यात जाऊन बसली. आणि ज्या वस्तूने नजर उतरवली ती घरात ठेवत नाहीत, म्हणून मला लिंबाबरोबर या तिवाट्यावर टाकण्यात आलं.

पंजाबरावाने त्या दिवशीच बोरी अरबला निरोप धाडला, सीतादही होताच घेऊन जा म्हणून. अशा बाबतीत त्याला उशीर खपत नसे.

पुढचं मी वाटेने जाणाऱ्या बायांच्या तोंडून ऐकलं. मला वळसा घालायला त्या थांबत, आणि थांबल्या की बोलत. “मॅडम रागावली नाही म्हणे तुळसाबाईवर. म्हणे, काडीत काही नसते. आन मंग आपली दोन बोटंच धरली मैनापुढं.”

“मंग?”

“मंग काय, मैना पाह्यत राह्यली.”

काडीत काही नसतं! तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. छे. त्या गावात कुणीतरी धडधडीत खरं बोललं, याचाच मला आनंद झाला.

सीतादहीच्या दिवशी अख्खा शेजार मैनाच्या वावराच्या धुऱ्यावर, माझ्यासमोरच जमला. पूजेला नव्हे, मैना पडते का, हे बघायला. पऱ्हाटी पुन्हा उंच झाली होती. मैनाच्या हातात दहीभाताचं पातेलं होतं. ती कडेला थांबली, कपाळावर घाम आला. तुळसाबाई पुढे सरकली. मैनाने मानेनेच नको म्हटलं. एक लांब श्वास घेतला आणि ती आत गेली.

शेंडे हलत गेले, लांब गेले, मग हलायचे थांबले. पंजाबरावाने धुऱ्यावरच्या मंडळींकडे ‘पाहिलंत ना’ असं पाहिलं. इतक्यात पलीकडच्या कोपऱ्यातून आवाज आला. मैना आतून अर्पिताला बोलावत होती, ये वं, बोंडं वेचू लाग. पोर आजीचा हात सोडून पळाली.

दोघी बाहेर आल्या तेव्हा मैनाचा पदर कापसाने भरला होता. पंजाबरावाने घसा खाकरला. “आत काही दिसलं का?”

मैनाने त्याच्याकडे नीट बघितलं. “कापूस दिसला. तुमाले काय दिसाले पायजे होतं?”

धुऱ्यावरच्या सगळ्यांना एकाएकी आपापल्या वावरातली कामं आठवली. पंजाबराव मला वळसा घालून घरी गेला. मैना सरळ माझ्या अंगावरून गेली. तिला मी दिसलेही नाही, आणि तेच बरं झालं.

मित्रांनो, मला इथून उचलू नका. माझं काम झालं आहे. पण तुमच्या गल्लीत कुणाचं मन असं मागे अडकलेलं असेल, तर ‘काय झालं होतं, सांग’ म्हणून त्याच्या ओसरीवर बसू नका. ज्याला ते काम येतं त्याच्याकडे त्याला घेऊन जा. तो परत वावरात शिरेल तेव्हा धुऱ्यावर उभे राहा आणि तोंड मिटून ठेवा. हेही व्रतच आहे. पाळून बघा, एवढे उपास करणाऱ्या त्या गावात ते एका सासूलाच जमलं, आणि तेही एकदा चुकल्यावर.