पाहुण्यानं आणलेली आठवण

उजनीच्या काठावर रेश्मानं चार खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून तिची सासू मुक्ताबाई हीच तिथली इतिहासकार झाली. जेवताना पाहुण्यांना धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाच्या गोष्टी हव्या असत, आणि म्हातारी त्यातल्या हसण्यासारख्या तेवढ्याच सांगे.

यंदा पाणी फार हटलं आणि जुनं गाव उघडं पडलं. पुण्याहून आलेले देवस्थळी होडीनं जाऊन आले. मोठ्या कौतुकानं पिशवीतून एक वरवंटा काढून त्यांनी मुक्ताबाईपुढं ठेवला.

"आजी, तुमच्या गावाची आठवण."

टोकाचा टवका बघताच मुक्ताबाईनं तो ओळखला. थोरल्याच्या बारशाला रीतीप्रमाणं बाळाआधी ह्या वरवंट्यालाच कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं होतं. पाचव्या महिन्यात पोर गेलं. परसात पुरलं, आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिनं तोच वरवंटा वर ठेवला. पुढं घराच्या भिंती पाण्यात विरघळल्या. पाणी हटलं की ती तिथं जाऊन बसायची; जागा सापडायची ती ह्या एका खुणेवरनं.

"कुठं गावला ह्यो?" तिनं विचारलं.

"आता कसं सांगू? सगळीकडे सारखाच चिखल आहे."

तोवर रेश्मानं मिरच्या आणि लसूण आणून पाट्यावर टाकला. "आत्या, पाहुण्यांना ह्याच वरवंट्यानं वाटलेली चटणी खायचीय."

मुक्ताबाईनं वरवंटा उचलून मांडीवर घेतला. पदरानं चिखल पुसू लागली.

"चटणी मिक्सरात कर," ती म्हणाली. "ह्येला आंघूळ घालायचीय."