दोन अक्षरं

"चाचा, ये नमक चलेगा?" टुंडेनं दुकानातली पुडी दाखवली. दशरथनं ती बाजूला सारून घरून आणलेली बरणी काढली. तळाशी मूठभर जाडं मीठ होतं. त्याच्या बापाच्या मिठागरातलं शेवटचं. तिथे आता टॉवर आहेत.

काशीमीऱ्याच्या गॅरेजांमागच्या गाळ्यात दर रविवारी नायजेरियन मंडळींची प्रार्थना भरे. साउंड दशरथचा. इंग्रजी त्याला कळत नसे, पण पास्टर बोलता बोलता सुरात शिरले की गावच्या कीर्तनात बसल्यासारखी त्याची मान डोले. शब्द कुठे पडणार, हे आधीच कळे.

आज टुंडेच्या आठ दिवसांच्या लेकीचं बारसं होतं. त्यांच्यात बाळाच्या जिभेला मध लावतात, मीठ लावतात, मग नाव ठेवतात. घोळ नावाचाच होता. टुंडेच्या आईला पणजीचं नाव हवं होतं, फाबुन्मी. फा हा त्यांच्या गावचा जुना देव. त्यानं मला दिली, असा अर्थ. पास्टर म्हणत, आपण ख्रिस्ताचे, तर ओलुबुन्मी ठेवा, प्रभूनं मला दिली. तसं कानावर आलं तर आशीर्वाद न देताच फोन ठेवीन, असं म्हातारीनं नायजेरियाहून बजावलं होतं.

"येशू मेरा है, चाचा," टुंडे हळूच म्हणाला. "माँ भी मेरी है."

दशरथनं थोडा विचार केला आणि आईला व्हिडिओ कॉल लावलेला फोन साउंडच्या मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवायला सांगितला.

पास्टर गाऊ लागले. ढोल वाजला, माणसं ओळी झेलू लागली, सूर चढत गेला. नाव येणार त्याच्या आदल्या मात्रेला दशरथनं माइकचा खटका खाली केला, आणि लगेच वर. पुढे बसलेल्यांनी पास्टरांच्या तोंडून पुरतं नाव ऐकलं. स्पीकरमधून मात्र "बुन्मी" एवढंच निघालं. फोनमधल्या म्हातारीनं डोळे मिटले, आधीचा "फा" आपला आपण जोडला आणि हात वर केला. बाळानं मीठ चाटून तोंड वाकडं केलं, तसा सगळा गाळा हसला. बरणी हातोहात सगळ्यांत फिरली.

दशरथ केबल गुंडाळत असताना पास्टर जवळ आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच माइक गेला, म्हणाले.

"लूज कनेक्शन, साहेब."

"सिर्फ दो अक्षर का?" पास्टरांनी हसून त्याचा खांदा दाबला.

घरी बायकोनं, अनसूयेनं विचारलं, नाव काय ठेवलं?

"बुन्मी. म्हंजी, मला दिली."

"कोनी दिली?"

"दिली न्हाय का? मंग झालं."

दशरथनं बरणीच्या तळाला चिकटलेला एक खडा बोटानं टिपून जिभेवर ठेवला, आणि रिकामी बरणी न धुताच फळीवर परत ठेवली.