मोठ्या रडण्याला मोठी पट्टी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. जन्माने बिस्किटांचा, पेशाने वैद्य. बिस्किटं संपली तेव्हा प्राथमिक शाळेतल्या बाईंनी माझ्या झाकणावर लाल फुली काढली आणि पोटात कापूस, आयोडीन, चिकटपट्ट्या भरल्या. माझं शिक्षण एवढंच. पण आजवर एकाही रोग्याने प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

पोटात कापूस असला की स्वप्नंही ढगांची पडतात. कपाटाच्या फटीतून ऊन तिरपं आत येतं, वर्गातले पाढे दूरच्या लाटांसारखे ऐकू येतात, आणि मला वाटू लागतं की साऱ्या जगाचे गुडघे शाबूत आहेत. मग मधली सुट्टी होते.

आमच्या शाळेचा रिवाज असा, की जितकं मोठं रडणं तितकी मोठी पट्टी. त्यामुळे 'भोंगा' म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगा बऱ्याचदा जखमी सेनापतीच्या थाटात घरी जाई.

एकदा हा भोंगा घसरगुंडीवरून सुसाट आला आणि खाली उभ्या असलेल्या चिमणीवर आदळला. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी. दोघं पडली. भोंग्याने आभाळ डोक्यावर घेतलं. बाई मला काखोटीला मारून धावल्या.

"कुठे लागलंय रे?"

"सगळीकडे!"

गुडघ्यावर मोहरीएवढं खरचटलं होतं. बाईंनी त्यावर फेटाच बांधायला घेतला.

"आणि तुला गं?"

"काही नाही, बाई," चिमणी म्हणाली.

"बघा, ही किती शहाणी! जरा हे टोक धर गं."

तिने उजव्या हाताने टोक धरलं. डावा हात पोटाशी घट्ट, ओठ पांढरेफटक. मला सारं दिसत होतं. पण डब्याचं तोंड दुसऱ्याने उघडायचं असतं.

एवढ्यात भोंगा रडता रडता थांबला. "बाई, हिचा हात वाकडा दिसतोय."

बाईंचा चेहराच उतरला. त्यांनी भोंग्याचा फेटा सोडला, चिमणीच्या हाताला फूटपट्टीचा आधार दिला आणि तीच पट्टी अलगद गुंडाळली.

"अगं, बोलली का नाहीस?"

"शहाणी मुलं रडत नाहीत ना."

भोंगा म्हणाला, "रड की! सोपं असतं. थांब, मी सुरुवात करून देतो."

मग दोघं दवाखान्यापर्यंत जोडीने रडली. हाड मोडलं होतं. प्लास्टरमध्ये हळूहळू जुळून आलं.

तेव्हापासून कुणी पडलं की बाई आधी गप्प बसलेल्याकडे धावतात. मित्रांनो, तुम्हीही तसंच करा. आणि स्वतःला लागलं तर शहाणपणा बाजूला ठेवून सांगा.

परवा चिमणीच्या बोटात बाकाचं कुसळ गेलं. ती अशी किंचाळली, की भोंगासुद्धा दचकला. आणि बाई? मला घेऊन धावताना चक्क हसत होत्या.