वळणावरचा आरसा

"आधी आरसा, मग वळण."

मिर्यंगच्या कानात वडिलांचा, अप्पांचा हा आवाज लहानपणापासून मुरलेला. सोंगनाम शहरातल्या चढावरच्या वस्तीत अप्पा छोटी बस चालवायचे. गल्ल्या अशा अरुंद, की बस गेली की दोन्ही अंगांचे वाळत घातलेले कपडे झुलायचे. कोपऱ्याकोपऱ्याला खांब, खांबाला नारिंगी कडेचा, पोट फुगलेला गोल आरसा, आणि त्या आरशात मुठीएवढं आभाळ. शाळा सुटली की ती अप्पांच्या मागच्या सीटवर बसे. वळण आलं की अप्पा पुटपुटत. तिला नव्हे, प्रवाशांना नव्हे. आपल्याच हातांना समजावल्यासारखे.

ती वस्ती आता नाही. तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. तो चढ राहिला होता फक्त मिर्यंगच्या संगणकात, आणि आज अप्पा त्याच्यासमोर बसले होते. ती त्यांच्या खुर्चीमागे उभी होती, हात पाठीशी बांधून, तोंड मिटून.

तशी तिच्या कंपनीतली रीतच होती. ते लोक ऑनलाइन नेमबाजीचा खेळ बनवत. पाच जण इकडून, पाच जण तिकडून. नवी रणभूमी तयार झाली की असला खेळ कधीच न खेळलेलं माणूस आणून बसवायचं आणि जिनं ती रचली तिनं मागे उभं राहायचं. बोलायचं नाही. बोललं तर सगळ्या मजल्याला कॉफी पाजायची. खेळ घरोघरी जाईल तेव्हा प्रत्येक खुर्चीमागे मिर्यंग थोडीच उभी असणार?

"मेलो," अप्पा म्हणाले.

जरा वेळानं, "परत मेलो."

मग टोपी मागे सारून, "अगं, पण मारतंय कोण?"

शेजारच्या टेबलावर जेगुक खाली मान घालून हसला. जेगुक तान पूर्वी मोठमोठ्या स्पर्धांत खेळलेला, बोटं विजेची; आता मुरलेल्या खेळाडूंच्या वतीनं भांडण्याचं काम त्याच्याकडे होतं.

मिर्यंगनं ओठ दाताखाली धरला. डावीकडून आलेल्याला अप्पा चटकन टिपत होते. हात म्हातारे झाले होते, पण बिचकत नव्हते. मरत होते ते उजवीकडून. दर वेळी उजवीकडून. तिला काहीतरी टोचलं, पण बोलायचं नव्हतं.

"हा आपला चढ ना गं?" पडद्यावरून नजर न काढता अप्पा म्हणाले. "इथं तांदळाच्या केकवालीचं दुकान. ही बया रस्त्यात टोपल्या मांडायची." आणि पुन्हा मेले.

जाताना त्यांनी पिशवीतली संत्री टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करून निघून गेले.

"शुक्रवारपर्यंत," संचालकांनी सांगून टाकलं होतं. "नवी माणसं टिकली तर ठेवू. नाहीतर ही वस्ती काढून मोकळं मैदान टाकू."

"गल्ल्या रुंद करते," मिर्यंग म्हणाली. तिच्या तोंडालाच ते कडू लागलं.

जेगुक संत्रं सोलत होता. "करा ना ताई. रस्ता करा, दुभाजक टाका, सिग्नल पण लावा. मग उरलं काय? ज्याचं बोट आधी पडेल तो जिंकला. डोकं कुठे लावायचं आम्ही?"

"आणि नवा माणूस? कोणी मारलं तेच कळलं नाही, तर तो उद्या येईल?"

"शिकेल की. मी नाही शिकलो?"

"तू सोळा तास बसायचास. सगळ्यांच्या आया तेवढ्या सोशिक नसतात."

"माझीही नव्हती," जेगुक म्हणाला. "वायर कापली होती तिनं." त्यानं अर्धं संत्रं तिच्यापुढे केलं. "मरणं चालतं हो ताई. न कळता मरणं नाही चालत. तुमचं तेवढं मला पटतं. पण गल्ली मोडू नका."

घरी जाताना मिर्यंगनं तो चढ मनातल्या मनात पुन्हा चढून पाहिला. केकवालीचं दुकान, पाण्याची निळी टाकी, अरुंद कोपरा. आणि तिथं तिला कळलं, आपण भिंतीची वीटन्वीट आठवून रचली आणि खांब तेवढे विसरलो. लहानपणी ती बसच्या बाजूच्या खिडकीतून बघायची. आरसे अप्पा बघायचे.

दुसऱ्या दिवशी वळणावळणाला आरसे लागले. प्रोग्रामवाले कुरकुरले, आरसा म्हणजे यंत्राला ओझं. म्हणून तिनं आरसा धुरकट ठेवला. कोणीतरी येतंय एवढं दिसावं. आपला की परका, ते नाही.

जेगुक खेळायला बसला आणि पहिल्याच कोपऱ्यावर मेला.

"हा काय प्रकार?"

"तू त्याला आरशात बघितलंस. त्यानं तुला बघितलं नसेल का?"

पुढच्या डावात त्यानं आरशावरच गोळी झाडली. काच खळखळली, साऱ्या गल्लीला त्याचा पत्ता कळला, आणि तो पुन्हा मेला. मग मात्र तो खुर्चीत सरसावून बसला. आता तो मुद्दाम आरशासमोरून जाऊन दिसायचा, आणि लोक त्या कोपऱ्याकडे धावले की मागच्या पायऱ्यांनी येऊन त्यांना गाठायचा. मग कोणीतरी त्यालाच तसं फसवलं. जेवायची वेळ टळून गेली. टेबलावरची सोयाबीनची आमटी निवली.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हा आरसा फार लबाड आहे. नवख्याला वाट दाखवतो आणि आम्हाला नाचवतो. कसं सुचलं?"

"सुचलं नाही. विसरले होते."

शुक्रवारी दोन नवी माणसं खेळून गेली. मरत होती, पण "अरे हो, दिसला होता की" म्हणत मरत होती, आणि पुन्हा बसत होती. तेवढ्यात अप्पा दारात उभे, कोणी न बोलावता.

"मला कोणी मारलं ते कळायचं राहूनच गेलं," ते म्हणाले.

"काका, तुम्ही आता नवे कुठे?" जेगुक म्हणाला. "अनुभवी माणूस तुम्ही. सात वेळा मेलाय."

"मग तूच ये समोर. मोठा खेळाडू आहेस ना?"

जेगुक हसत पलीकडच्या खोलीत गेला. मिर्यंग खुर्चीमागे उभी राहिली.

निळ्या टाकीपाशी अप्पा थांबले. कोपऱ्यावर, डाव्या खांबावर, नारिंगी कडेचा आरसा होता. उजवीकडची गल्ली त्याच्या पोटात गोल होऊन बसली होती. अप्पांचे खांदे सैल झाले, पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांनी तिनं ती पाठ पुन्हा पाहिली.

"आधी आरसा," ते पुटपुटले.

आरशात एक सावली आली, थबकली, मागे गेली. फसवत होती. अप्पा हलले नाहीत. समोरच्याला आधी जाऊ देण्यात त्यांचा जन्म गेला होता. सावली पुन्हा आली आणि कोपऱ्यावरून बाहेर पडली, तशी अप्पांनी तिला टिपली.

पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकली. जेगुक बाहेर आला आणि न हसता कमरेत वाकला. संचालक दारातून बघत होते. "ठेवा वस्ती," एवढंच म्हणून ते गेले.

मिर्यंग अप्पांना बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाली. सुरुवातीला ती त्यांच्या डावीकडून चालत होती. मग काही न बोलता उजवीकडे आली. कॉफीचा दंड ऑफिसातच राहिला होता. तरी ती नुसती त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत राहिली.

एका इमारतीतून गाड्या बाहेर पडायच्या, तिथं खांबाला गोल आरसा होता. अप्पा थांबले. आरशात बघत राहिले. गाडी आली, गेली, तरी ते हलले नाहीत.

"बाजू बदललीस," ते म्हणाले.

ती त्यांच्या उजव्या अंगाला आणखी सरकली.

"बस कंटाळून नाही सोडली मी. तुला तसं सांगितलं होतं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "एकदा वळणावर आरशात सायकलवाली दिसली. काचेतून बघितलं तर उजवीकडे कोणीच नाही. मी आरशाचं ऐकलं, ब्रेक दाबला. ती समोरून हसत निघून गेली. त्याच दुपारी किल्ली देऊन आलो. उजवीकडचं दिसत नाही मला, मिर्यंग."