सातवा कटोरा

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळी सव्वानऊ. संग्रहालयातल्या जुन्या काचवाद्याच्या आडव्या दांड्यावर एकात एक बसवलेले छत्तीस कटोरे होते. पैकी पस्तीस मूळचे आणि टोकाकडून सातवा नवा. नव्याला दांड्यावर घट्ट धरणाऱ्या बुचाची पकड तपासून म्हाताऱ्या काचकारागिराने पत्नीसाठी खुर्ची पुढे ओढली.

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत त्याने आयुष्यभर काच फुंकली होती. निवृत्तीनंतर हे वाद्य त्याने दुरुस्त केले आणि तेव्हापासून दर शनिवारी पत्नी प्रेक्षकांसाठी ते वाजवत असे. पायडलने दांडा फिरवायचा, ओली बोटे कटोऱ्यांच्या कडांवर टेकवायची. मागच्या शनिवारी सातवा कटोरा तिच्या बोटाखाली तडकला. काचेत जुना बुडबुडा होता, असे त्याने संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना सांगून टाकले होते.

बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. "आज काच रुसणार नाही ना?"

"काचेचं यांच्याशी चांगलं जमतं. माझ्याहून जास्त," पत्नी म्हणाली.

तिने बोटे भिजवली, पाय हलवला. सहावा वाजला, आठवा वाजला. सातवा गप्प. तिने दाबले, तेव्हा तो किंचाळला. तिने दांडा थांबवला, कटोऱ्यावर नखाने टिचकी मारली आणि ऐकत राहिली.

"अहो, जाड आहे हा."

"जुनी काच वेगळी असते."

"मला नका शिकवू. किती जाड केलात?"

त्याने चष्मा पुसला. "दुप्पट."

"फुटू नये म्हणून?"

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. महिनाभर ती दुधाचे तापलेले पातेले फडक्याशिवाय उचलत होती. त्याने काही न विचारता फडके शेगडीजवळ टांगले होते. तिनेही न विचारता ते वापरायला सुरुवात केली होती.

ती बाईंकडे वळली. "काचेत काही दोष नव्हता हो. माझी बोटं बधिर झालीत. दाब किती पडतो, कळत नाही मला."

बाईंनी थर्मासचे झाकण पुन्हा लावले आणि कोपऱ्यातली पाटी उचलली. "मग ही 'आज कार्यक्रम नाही'ची पाटी लावू?"

"थांबा जरा." ती नवऱ्याला म्हणाली, "दुसरा काढा."

"दुसरा कुठला?"

"एकच वस्तू कधी केलीत तुम्ही आयुष्यात? साधा चमचा आणायला गेलात तरी दोन आणता."

त्याने पिशवीतून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला कटोरा काढला. मूळच्याइतकाच पातळ. आधी त्याने हाच घडवला होता, जाड नंतर. पुढचे सहा आणि जाड सातवा उतरवून त्याने तो बसवला, सहा परत चढवले.

ती खुर्चीवरून उठली. "बसा."

"मला कुठे वाजवता येतं?"

"येईल. आधी हात धुऊन या. साबणाने. तेलकट बोट चालत नाही याला."

"हे मीच सांगितलं होतं तुला."

"मग धुवा की."

तो ओले हात घेऊन बसला. ती मागे उभी राहिली, तळवा त्याच्या खांद्यावर ठेवून. "हलकं. अजून हलकं. पायाची घाई नको. आता सहाव्यावरून सातव्यावर या."

सातवा आधी नुसता थरथरला. मग त्याचा स्वर दालनभर पसरला आणि बाईंनी पाटी उलटी करून टेबलावर ठेवली.

"पुढे?" त्याने मान न वळवता विचारले.

"आठवा. मग बास. बाकीचं पुढच्या शनिवारी."

दहाला दार उघडले. त्या दिवशी छत्तीसपैकी तीन कटोरे वाजले.